पदं भरा म्हणणं सोपं आहे, बापू

बापू, ‘सफाईची रिकामी पदं भरा, गाव चकाचक होईल’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-पेन्शनचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की नव्या भरतीला शासनच आडवं येतं. आणि उत्पन्न आणायचं कुठून? नगरपालिकांची जकात १९९९ लाच गेली. जळगाव-धुळे २००३ ला महापालिका झाल्या; पुढे महापालिकांना एलबीटी, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा स्थानिक संस्था कर, आला, तोही १ जुलै २०१७ ला जीएसटीत संपला. आता मुंबईहून येणाऱ्या अनुदानाची वाट बघायची.

मग हातात उरते घरपट्टी. तिची गंमत ऐका. आमच्या गल्लीत एका घरावर दोन मजले चढले, खाली तीन गाळे निघाले, पण आकारणी अजून पत्र्याच्या घराचीच. मी चौकशीला गेलो तर बाबू म्हणे, ‘भाऊ, मोजायला माणूस कुठे आहे?’ म्हणजे वसुलीला माणूस नाही म्हणून पैसा नाही, अन् पैसा नाही म्हणून माणूस नाही!

वर मार्च आला की थकबाकीदारांना शास्तीमाफीची, म्हणजे दंडमाफीची, अभय योजना. दर एप्रिलला रांगेत उभं राहून भरणारे आम्ही येडे ठरतो.

माझं म्हणणं एवढंच, की भरतीची मागणी करायचीच तर झाडूवाल्याच्या आधी मोजणीवाल्याची करा. सफाईचं काम आज ठेक्यावर का होईना, चालतंय. घंटागाडी दिवसाआड येते, ती गोष्ट वेगळी.