रोहित पक्ष्याच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब: पुसायचा की ठेवायचा?

काठावरचा:
रविवारी भिगवणला, उजनीच्या जलाशयावर होतो. कुंभारगावातून उजाडताच होडी सोडली. साठेक मीटरवर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा, सूर्य आमच्या पाठीशी, माना वर. घरी येऊन फोटो उघडला, तर पुढच्याच पक्ष्याच्या डोक्यातून पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब उगवलेला! भाच्याने दोन मिनिटांत खांब गायब केला. वाहवा झाली, पण मला तो फोटो बघवेना. माझं मत : मागचा पसारा जागेवरच निस्तरायचा. होडीवाल्या दादांना ‘चार हात डावीकडे घ्या’ एवढं म्हटलं असतं, तरी खांब डोक्यापासून सुटला असता. आळस माझा.

सहाशे_एमएम:
उगाच मनाला लावून घेताय. क्रॉप केलंत, सावल्या उजळल्यात, ते चाललं. खांब पुसला की पाप? पक्ष्याचं एक पीसही हललेलं नाही. पक्षी ६० मीटरवर आणि खांब १०० वर असेल, तर एफ/६.३ काय न् एफ/४ काय, लेन्सचं छिद्र मोठं करूनही तो धूसर होऊन विरघळत नाही. पक्षी १० मीटरवर असता तर विरघळला असता. मग काय, होडी थव्यात घालायची? आणि जागेवर निस्तरणाऱ्यांचं सोवळंही बघितलंय. कुरव पक्ष्यांना (सीगलना) शेव-फरसाण टाकून हवे तिथे उडवायचे. तो फोटो अस्सल, आमचा नकली!

शेकाट्या:
फरसाणाबद्दल सहमत, बाकी नाही. ‘सूर्य पाठीशी’ हे सगळ्यांनी पाठच करून ठेवलंय. अहो, त्या उजेडात पक्ष्याबरोबर खांबही झळकतो! थंडीत पहाटे पाण्यावर धुकं असतं, तेव्हा पलीकडचा काठच दिसत नाही. नाहीतर काठच्या बाभळींची सावली मागे येईल असा पक्षी शोधा. ऊन पक्ष्यावर, मागे अंधार, एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा. मागचं सगळं आपोआप बुडतं. कधी कधी तासभर बसावं लागतं आणि पक्षी तेवढ्यात उडून जातो, ते सोडा.

भीमाकाठ:
आमच्या गावचा खांब एवढा खुपतो का हो तुम्हाला? मुळात हे पाणीच उजनीच्या धरणाने अडवलेलं. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते मात्र सगळे कौतुकाने फ्रेममध्ये घेतात. देऊळ चालतं, खांब चालत नाही. तारांना धडकून पक्षी मरतात, हेही तुमच्या गुळगुळीत फोटोंत कधी दिसायचं नाही.

सहाशे_एमएम:
देऊळ छान दिसतं, खांब छान दिसत नाही, इतकं साधं आहे. मी फोटो काढतोय, पंचनामा करत नाहीये.

शेकाट्या:
मग खाली ‘खांब पुसला आहे’ असं लिहा की. तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

काठावरचा:
आत्ता मूळ फाइल पुन्हा उघडली. खांबाच्या टोकावर काळपट काहीतरी होतं, ते मोठं करून बघितलं. धूसर आहे, पण पोट पांढरं आणि पायाखाली मासा. कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) असावा. भाच्याने खांबाबरोबर तोही पुसला होता.

सहाशे_एमएम:
त्याच्या डोळ्यावरून काळी पट्टी आहे का? कैकराची ती खूण. मूळ फाइल टाका.