मदत हवी आहे: थारसाठी रिकव्हरीच्या, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायच्या सामानात आधी काय घ्यावं?

गाडी डिझेल थार, ४ बाय ४, कंपनीचेच टायर. फिरणं म्हणजे पावसाळ्यात वेल्हे, पानशेतमागचे कच्चे रस्ते, भोरकडच्या वाड्यांच्या वाटा. माती लाल आणि चिकट; टायरच्या खाचा भरल्या की चाक जागेवरच गरगरतं. सोबत बहुतेकदा दुसरी गाडी असते, पण नेहमीच नाही.

जवळ आहे ते: फावडं, १२ व्होल्टचा हवेचा पंप, प्रेशर गेज, जाड हातमोजे. हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून पाहिली, बराच फरक पडतो. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा अडकवू नये हे ठाऊक आहे. विंच (गाडीवर बसवायचं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) सुचवू नका. बजेट १५ हजार, आणि बंपरला हात लावायचा नाही.

अडलंय ते दोरापाशी. झटक्याने ओढायला ताणणारा कायनेटिक दोरच लागतो, हे कळलं. भरलेली गाडी सव्वादोन टन धरली तर तिप्पट क्षमतेचा, म्हणजे साधारण ७ टनांचा दोर पुरे, की चिखलाची पकड धरून ९ टनांचा घ्यावा? फार जाड दोर हलक्या गाडीला नीट ताणत नाही म्हणतात, म्हणून विचारतोय.

दुसरं, कंपनीने दिलेला टोइंग हुक असा झटका सोसतो का, की चॅसिसला वेगळा रिकव्हरी पॉइंट (दोर अडकवायची मजबूत कडी) बोल्ट करून घ्यावा? पुण्यात हे काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

आणि या पैशांत दोर व दोन सॉफ्ट शॅकल (दोर गाडीला जोडायच्या दोरीच्याच कड्या) आधी घेऊ, की एकट्याने अडकलो तर उपयोगी पडतील असे ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाखाली सरकवायच्या खाचांच्या फळ्या?