मदत हवी आहे: दोन प्लेसमेंट हातात आहेत, स्मार्ट ग्रिड शिकायला कोणती घेऊ?

उदगीरकर_ईई
नमस्कार. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, म्हणून थेट विचारतो. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक विजेच्या स्मार्ट मीटरच्या डेटाची, एक वीजजाळ्याच्या (नेटवर्क) प्लॅनिंगची. दोन्ही सहा महिन्यांच्या. मीटरवाले पैसे बरे देतात. परत आल्यावर आपल्याकडे कशाचा उपयोग होईल? "मनाला पटेल ते कर" हे घरचे रोज सांगतात, ते इथे नको. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनीच सांगा.

गोदाकाठ
देश कोणता? शिकतोस की नोकरीला आहेस? "परत" म्हणजे उदगीरला, पुण्याला की नुसतं भारतात? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारतोयस.

चटणीभाकर
थंडीचे कपडे इथून नेऊ नका, तिकडेच घ्या. इथल्या जॅकेटने तिकडे काही होत नाही. ज्वारीचं पीठ मात्र डबल पॅक करून न्या.

उदगीरकर_ईई
@गोदाकाठ, स्वीडनमध्ये मास्टर्स करतोय, प्रोफाइलमध्ये आहे की. मीटरची जागा स्वीडनमध्येच, प्लॅनिंगची जर्मनीत, बव्हेरियातल्या एका छोट्या गावाची वितरण कंपनी. परत म्हणजे मराठवाड्यातच यायचंय, निदान तसा विचार आहे.
@चटणीभाकर, मी दीड वर्षापासून इथेच आहे.

पुणेरी_डेटा
मीटर. विचार कसला करतोस? २०२१ ला आलेल्या केंद्राच्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं लक्ष्य आहे. सगळा पैसा तिकडे वाहतोय. मीटर बसले की त्यांचा डेटा वाचणारी माणसं लागणार. प्लॅनिंग शिकून आलास तर इथे तुला एस्टिमेट काढायला बसवतील.

बाळू_वायरमन
मी ३३ केव्ही सबस्टेशनवर नोकरी करून रिटायर झालोय, आंबाजोगाईकडं. इंग्रजी येत नाही, पण लाईन कळती. पोरा, मीटर घरात असतंय आणि डीपी, म्हंजी ट्रान्सफॉर्मर, रस्त्यावर. जळती कोण? डीपी. रब्बीत थ्री फेज आली की शिवारातल्या समद्या मोटारी ऑटो स्विचवर एकदम उचलतात. पाच एचपीची मोटार चालू होताना पाच-सहा पट करंट ओढती. तेवढ्यात डीओ, म्हंजी खांबावरचा फ्यूज, उडतो, न्हाईतर ६३ केव्हीएची डीपी तेल ओकती. मग आठ दिवस पाटलाचा फोन, सरपंचाचा फोन, आणि खांबावर चढायला आम्ही. ह्याच्यावर मीटर काय करतंय ते आधी सांगा.

प्रीपेड_नको_समिती
स्मार्ट मीटर हाच मुळात लुटीचा धंदा आहे. आमच्या गल्लीत मीटर बदलले आणि पुढच्याच महिन्यात बिलं फुगली. २०२४ च्या जूनमध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. ते कुणामुळे? आंदोलनामुळे. असली विद्या परदेशातून शिकून येऊन आमच्याच माथी मारणार का?

पुणेरी_डेटा
धागा बिलाचा नाही हो. वेगळा काढा.

प्रीपेड_नको_समिती
धागा कशाचा आहे ते ग्राहक ठरवणार.

गोदाकाठ
अवांतर थांबवा. @उदगीरकर, पहिली प्लेसमेंट झालीय का? त्यात काय केलंस? ते कळल्याशिवाय दुसरी कुठली घे हे कसं सांगणार?

उदगीरकर_ईई
झालीय, गेल्या उन्हाळ्यात, इथल्याच एका वितरण कंपनीत, मीटरच्याच विभागात. स्वीडनमध्ये २००९ पासून जवळपास सगळ्या घरांचे मीटर दुरून वाचतात. नवे मीटर प्रत्येक फेजचं व्होल्टेज आणि करंट वेगळं देतात. एकदा स्क्रीनवर एका घराचे तीन फेज पांगायला लागले. एक २५० च्या वर, दुसरा २१० च्या खाली, स्वयंपाकाची वेळ झाली की फरक आणखी वाढायचा. शेजारच्या बाईंनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची तार, सैल आहे. गाडी गेली, जोड आवळला, घरमालकाला पत्ताही नव्हता. तेव्हापासून डोक्यात आहे की हे आपल्याकडे झालं पाहिजे. म्हणूनच परत मीटरकडे जावं का, असा प्रश्न आहे.

बाळू_वायरमन
आमच्याकडं न्यूट्रल तुटल्याचं फ्रिजच्या धुरावरून कळतंय. ही तुझी गोष्ट मात्र आवडली बाबा.

इसारकाठी
उशिरा बघितला धागा. मूळ जालन्याचा, बारा वर्षं बव्हेरियात, वितरण नेटवर्कमध्येच काम करतो.

स्मार्ट मीटर शिकायला जर्मनीत कुणी येऊ नये. इथे मीटरचं घोडं वर्षानुवर्षं अडलं होतं, २०२३ मध्ये नवा कायदा करून त्याला ढकललं. मीटरच बघायचे तर इटली बघ, तिथे २००१ पासून तारेवरूनच डेटा पाठवणारे तीन कोटींवर मीटर बसवले. पण तुला बोलावलंय प्लॅनिंगला, आणि त्यात बव्हेरियासारखी शाळा नाही. इथे प्रत्येक गोठ्याच्या छपरावर सोलर आहे. दुपारी गावाची वीज उलटी, ट्रान्सफॉर्मरमधून वर चढते. लाईनच्या टोकाला व्होल्टेज वाढतं. मग ते खाली आणायला सोलरच्या इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह पॉवर घ्यायला लावायची, की गावच्या ट्रान्सफॉर्मरला चालू लोडवर टॅप बदलून व्होल्टेज कमी-जास्त करणारा बसवायचा, की जाड केबल टाकायची? रोजचं काम म्हणजे हा हिशोब.

बाळूकाकांच्या ऑटो स्विचवरून आठवलं. इथे जुन्या नियमाप्रमाणे घरोघरचे सोलर इन्व्हर्टर जाळ्याची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० वरून ५०.२ हर्ट्झला चढली की बंद व्हायचे. सगळे, एकाच आकड्याला. थोडे असताना कुणाच्या लक्षात आलं नाही. पण अख्ख्या युरोप खंडाच्या जाळ्यात अचानक तूट आली तर राखीव असतात ३,००० मेगावॉट, आणि हे सोलर त्याच्या कैक पट झालं होतं. एखाद्या दिवशी फ्रिक्वेन्सी तेवढी चढली असती तर सगळं एका क्षणात गेलं असतं. २०१२ मध्ये नियम काढून तीन लाखांहून जास्त जागी सेटिंग बदलत फिरावं लागलं. तुमच्या मोटारी एकदम चालू होतात, आमचे इन्व्हर्टर एकदम बंद होणार होते. रोग तोच. हजारो यंत्रं एकाच आकड्यावर बांधून ठेवायची नाहीत, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

बाळू_वायरमन
म्हणजे जर्मनीतबी ऑटो स्विच हाय म्हणा की!

पुणेरी_डेटा
पण मराठवाड्यात रूफटॉप सोलर आहेच किती? तिकडचे प्रश्न इकडे कशाला आणायचे?

प्राध्यापिका_नांदेड
रूफटॉप सोडा. राज्याच्या सौर कृषी वाहिनी २.० योजनेत गावाजवळच्या सबस्टेशनलाच सोलर जोडतायत. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा चालू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, हे उत्तमच. पण पावसाळ्यात मोटारी बंद आणि मध्येच लख्ख ऊन पडलं, तर ती वीज जाणार कुठे? वर ३३ केव्हीला. म्हणजे इसारकाठींचा प्रश्न आपल्या दारात येऊन बसलाय.

फीडर (सबस्टेशनमधून निघणारी लाईन) ऑटोमेशनबद्दल कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण मुलं परदेशातून येऊन सेमिनारमध्ये तेच दाखवतात. फॉल्ट शोधून, तेवढा तुकडा तोडून, बाकीच्यांना दुसरीकडून वीज द्यायची. त्यासाठी दुसरी बाजू लागते. आपला शेतीचा ११ केव्ही फीडर एकाच टोकाने सुरू होतो आणि कुठल्यातरी वस्तीवर संपतो. जर्मनीत वर्षाला सरासरी १२-१३ मिनिटंच वीज जाते, ती जमिनीखालच्या केबल आणि रिंगमुळे, म्हणजे दोन्ही टोकांनी वीज देता येणाऱ्या लाईनमुळे. सॉफ्टवेअर त्याच्यानंतर येतं.

इसारकाठी
ताईंना +१. पाहुणे आले की आम्ही कंट्रोल रूम दाखवतो. केबलचे खड्डे कुणी बघायला मागत नाही.

पुणेरी_डेटा
सगळं मान्य, पण पगार? मीटरचं प्रोफाइल असेल तर पुण्यात महिन्याभरात ऑफर मिळेल. बव्हेरियातल्या खेड्याचं नाव सीव्हीत घालून काय होणार? आणि मीटरशिवाय त्या डीपीवर लोड किती हे तरी कळणार आहे का?

प्राध्यापिका_नांदेड
शेवटचं वाक्य बरोबर आहे, ते मीही म्हणेन. मात्र त्याला घरोघरचे मीटर लागत नाहीत, डीपीला एक चांगला मीटर लावला तरी सुरुवात होते. आणि मीटरचं काम या मुलाने आधी केलेलं आहे. तेच पुन्हा सहा महिने कशाला?

गोदाकाठ
कागदाचं कुणीच बोललं नाही. स्वीडनचा विद्यार्थी परवाना आहे म्हणून जर्मनीत काम करता येतं असं नाही, परवानगीचं आधी बघ. आणि प्लेसमेंट तुझ्या अभ्यासक्रमात सक्तीची आहे की ऐच्छिक? जर्मनीत ऐच्छिक असून तीन महिन्यांच्या वर गेली तर किमान वेतन द्यावं लागतं, सक्तीचीला ते लागू नाही. पैशाचा फरक बहुधा तिथेच असेल.

उदगीरकर_ईई
सक्तीची आहे. म्हणजे फरक त्यामुळेच. खोली कंपनीच देतेय, त्यामुळे निभेल. बाबांशी बोललो, कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावरच सुरू होतो. बव्हेरियाला हो कळवतोय, परवानगीचं त्यांनाच विचारतो.

ताई, अजून एक. थीसिस तिथेच करायचा तर आपल्याकडचा एखादा फीडर घेऊन बघावा असं वाटतंय. कशात करू आणि काय काय लागेल?

प्राध्यापिका_नांदेड
ओपनडीएसएस किंवा पँडापॉवर, वीजजाळ्याचा हिशोब करणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सिंगल फेज आणि असमतोल लोड बघायचं असेल तर ओपनडीएसएस घे. लागेल ते: फीडरचा सिंगल लाईन नकाशा, प्रत्येक तुकड्याची लांबी, तार कुठली, डीपी किती केव्हीएची, तिच्यावर मोटारी किती, आणि सबस्टेशनचं तासातासाचं लॉगबुक. लेखी अर्ज कर, विभागप्रमुखांचं पत्र जोड. नुसत्या ईमेलला कुणी विचारत नाही.

प्रीपेड_नको_समिती
लॉगबुक मिळालं तर इथे टाका. जनतेला कळू द्या.

बाळू_वायरमन
अर्ज कर, नकाशा मिळंल. पण नकाशावर इसंबून राहू नको. कागदावर रॅबिट तार लिव्हलीय आन खांबावर तिच्यापेक्षा बारीक वीझल वढलीय, असे फीडर लई हाइत. चोरून टाकलेले आकडे तर कुठंच लिव्हलेले नसत्यात. दिवाळीत गावाकडं आलास की फोन कर, गाडीवर बसून शेवटच्या खांबापर्यंत जाऊ. सकाळी ये, थ्री फेज यायच्या आत.