निफाडात मेपल लावलं तर सिरप निघेल का?

निफाडचा_बागायतदार:
मंडळी, प्रश्न खुळचट वाटेल पण हसू नका. मेव्हणा कॅनडाहून मेपल सिरपची बाटली घेऊन आला होता, पोरांनी धिरड्यांवर ओतून ओतून दोन दिवसांत संपवली. आमच्या विहिरीकडेला १० गुंठे पडून आहेत आणि थंडी म्हणाल तर पारा ४-५ वर येतो, बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसतो आम्ही. मग मेपलची झाडं लावली तर? नर्सरीवाला म्हणतो रोप मागवून देतो, ७०० ला एक.

ओंटारिओतला_नाशिककर:
दादा ते ७०० खिशातच ठेवा. इथे शेजाऱ्याच्या शेतावर मी दोन हंगाम बादल्या वाहिल्यात. थंडी लागते ती वेगळीच, रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं रोज खालीवर झालं की खोडात दाब तयार होतो आणि खोडाला पाडलेल्या भोकातून रस ठिबकतो, तोही वर्षातून ४-६ आठवडेच, कळ्या फुटल्या की चव बिघडते. निफाडची थंडी द्राक्षाचे मणी तडकवायला पुरते, याला नाही. शिवाय खोड १० इंच जाड झाल्याशिवाय भोक पाडत नाहीत, त्याला ३०-४० वर्षं जातात. आणि रस म्हणजे जवळपास पाणीच हो, साखर २ टक्के, ४० लिटर आटवा तेव्हा १ लिटर सिरप. पहिल्या वर्षी हौसेने घरातच गॅसवर आटवला, किचनच्या भिंती चिकट झाल्या, बायको आठवडाभर बोलली नाही. बाहेर शेडमध्ये लाकडावर करतात ते उगाच नाही. उतू जायला लागला की लोण्याचा बारीक गोळा टाकायचा, फेस झटक्यात बसतो.

चुलवाण_सिन्नर:
लोण्याचं वाचून मजा वाटली, आम्ही गुळाच्या काहिलीत (उसाचा रस आटवायची मोठी कढई) शेंगदाणा तेलाचे चार थेंब मारतो, काम तेच 😄 निफाडकर भाऊ, घरचा ऊस असेल तर काकवी करा की. उसाच्या रसात साखर १८-२० टक्के, ५-६ लिटरला लिटरभर काकवी पडते. रस निघाला की लगेच चुलवाणावर घ्या, ठेवला की आंबलाच. भेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी सोडलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची, इथे कंटाळा केला की रंग गेला. १०५-१०६ अंशाला उतरवायची, ११८ ला गेली की गूळ. मागच्या साली मी फोनवर बोलत बसलो आणि अख्ख्या काहिलीचा गूळ झाला, बाटल्या तशाच रिकाम्या. हां, किलोला ४०० मिलिग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका, नाहीतर तळाला साखरेचे खडे धरतात.

निफाडचा_बागायतदार:
ऊस आहे ना, को ८६०३२ जातीचा, दीड एकर. रस काढायचा चरक भाड्याने मिळेल का कुठे? नर्सरीवाल्याला मेपल नको म्हणून सांगितलं तर म्हणतो मग ॲव्होकॅडो लावा.

चुलवाण_सिन्नर:
चरक कशाला, १०-१२ मोळ्या ट्रॅक्टरमध्ये टाका आणि इकडेच या. येताना रिकामे डबे आणा, मागच्यासारखा गूळ झाला तरी भरता येईल.