मदत हवी आहे: रक्तातल्या विषाणूवरून 'कुणाकडून कुणाला' हे कळतं का?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मामीचा आहे, त्यामुळे गाव लिहीत नाही. सांगली जिल्हा, आटपाडी तालुका एवढं पुरे.

मामा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, कोइमतूरला. दिवाळी आणि जत्रा एवढंच गावी येणं. २००८ साली वारले. त्यानंतर मामीची तपासणी झाली, एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. आता एआरटी सेंटरची (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र) टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकत्र गोळी, रोज एक, चुकवत नाही. गोळ्यांची बाटली शेवयांच्या डब्यात तळाशी, आणि वाजू नये म्हणून बाटलीत कापूस. तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे! पण दीर-जावा अजून म्हणतात, "हिनंच आणलं."

गेल्या महिन्यात संशोधनासाठी काही जण रक्त मागायला आले. विषाणूची जनुकीय रचना बघणार म्हणे. मला वाटलं मामी घाबरेल. तिनं उलट विचारलं, "कुणाचं कुणाला लागलं ते त्यात निघंल न्हवं? मग घेऊ द्यात की दोन नळ्या."

संमतीचा फॉर्म तीन पानी, इंग्रजीत. अजून सही केलेली नाही. खरंच निघेल का तसं काही?

प्रतिसाद:
लॅबमध्ये काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहितो: नाही निघणार. भारतातल्या एचआयव्ही-१ च्या बहुतेक रुग्णांत 'सी' उपप्रकारच सापडतो. मामीचा 'सी' आला तर तो कोइमतूरचा की आटपाडीचा, हे त्या अक्षरावरून कळत नाही. दोघांचे विषाणू अगदी सारखे निघाले तरी मधे तिसरं कुणी नव्हतंच, असं त्यावरून म्हणता येत नाही. इथे तर मामांचा नमुनाच नाही.

आणखी एक. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) 'नॉट डिटेक्टेड' असेल तर रक्तद्रवात वाचायला पुरेसा विषाणूच मिळत नाही. मग पेशींत दडलेला शोधावा लागतो.

अशी तपासणी कामाची असते ती कुठल्या औषधाला विषाणू दाद देत नाही हे बघायला. एचआयव्ही-२ हा तर वेगळाच विषाणू, आपल्या महाराष्ट्रातही सापडतो, आणि त्याच्यावर नेव्हिरापिन, एफाविरेन्झ ही एचआयव्हीची औषधं चालत नाहीत.

सही मनात असेल तरच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार समजावून घेतलेल्या संमतीशिवाय संशोधन करता येत नाही. नाव कुठे जाणार, उरलेल्या रक्ताचं काय करणार, हे आधी विचारा. नाही म्हटलं तरी गोळ्या बंद होत नाहीत.

धागाकर्ता:
आभार. काल मामीला सगळं सांगितलं. बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या कामाचं न्हाई, दुसऱ्याच्या औषधाला कामी येईल." जरा थांबून, "मराठीत कागद आणा म्हणावं. वाचून बघती."