पदवीनंतरचे वर्गमित्र: मराठवाड्यातील डॉक्टरांचे अनुभव

धाग्यामागची भूमिका

मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात १९५६ मध्ये औरंगाबादेत झाली. तिथल्या रुग्णालयाला गावोगावचे लोक आजही ‘घाटी’ याच नावाने ओळखतात. पुढे सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला महाविद्यालये सुरू झाली. या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉक्टर किनवटपासून उमरग्यापर्यंत विखुरलेले आहेत, आणि काही जण तर फार दूर गेले आहेत. बॅचच्या स्नेहमेळाव्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पुरेशी पाहिली आहेत, त्यामुळे इथे त्यांची अपेक्षा नाही. वर्गमित्राची बातमी आपल्यापर्यंत कशी पोचली, ती कळल्यावर आपण काय केले आणि अडचणीच्या वेळी फोन कोणाला लावला, याविषयी सविस्तर लिहावे. माझे मत आधीच सांगून टाकतो: तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यासाठी बॅचचा संपर्क हा हौसेचा विषय नसून कामाचे साधन आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी तर अवश्य लिहावे. फक्त रुग्णांची ओळख पटेल असा तपशील आणि व्यक्तींची नावे टाळावीत.

निवृत्त शल्यचिकित्सक, जालना जिल्हा

आम्ही घाटीतून बाहेर पडलो तेव्हा दूरध्वनी फार थोड्या घरांत होता आणि ट्रंक कॉल लावून वाट पाहत बसण्याइतका वेळ कोणाकडेच नसे. आमच्या बातम्या आणणारा माणूस म्हणजे औषध कंपनीचा एम. आर., म्हणजे विक्री प्रतिनिधी. आठवड्याभरात जालना, अंबड, परतूर, सेलू, परभणी अशी त्याची फेरी असे आणि बॅगेतल्या नमुन्यांबरोबर तो कोणाची बदली झाली, कोणाला मुलगी झाली, कोणी नवीन एक्स-रे यंत्र आणले आणि कोणाचे हप्ते थकले, हे सगळे घेऊन येई. औषधाची माहिती त्याने दोन मिनिटांत आटोपलेली असे, उरलेला वेळ आमचाच. एका मित्राचे वडील गेल्याचे मला त्याच्याकडूनच कळले आणि त्याच रात्रीच्या एसटीने मी निघालो.

तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल की आमच्या पदवी प्रमाणपत्रांवर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असे छापलेले आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यानंतरच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले, आणि १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुढच्या पिढ्यांचा संबंध थेट नाशिकशी जडला. एकाच वॉर्डात शिकलेल्या माणसांची विद्यापीठे निराळी, त्यामुळे आम्हाला जोडणारे नाव शेवटी घाटी हेच राहिले.

आमच्यापैकी काहींनी आता देहदानाचे अर्ज भरले आहेत. जिथे शरीररचनाशास्त्र शिकलो तिथेच देह द्यावा, ही कल्पना एका मैत्रिणीची. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांची संमती लागते आणि खरी अडचण तिथेच येते, कारण मुले परदेशात असतात आणि वेळेवर पोचत नाहीत. म्हणून गावातल्या वर्गमित्राला सर्व कागदांची प्रत देऊन ठेवावी, असे आम्ही ठरवले आहे.

जनरल फिजिशियन, किनवट परिसर

मी नांदेडला शिकलो. माझ्या गावापासून नांदेडचे अंतर शंभर किलोमीटरांहून जास्त आहे आणि पावसाळ्यात ते घड्याळात मोजावे लागते. व्हेंटिलेटर माझ्याकडे नव्हता.

श्रावणातल्या एका पहाटे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन घरची मंडळी आली. रात्री तो जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखू लागले, दोन उलट्या झाल्या आणि आता ‘डोळे उघडत नाही, झोप आल्यासारखं करतो’ अशी तक्रार होती. अंगावर दंशाची खूण सापडत नव्हती, सूज नव्हती, आणि काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठले. रक्त गोठले म्हणजे साप नाही, असा समज आमच्या भागात अजूनही पक्का आहे. घोणसाच्या विषाने रक्त गोठत नाही हे खरे, पण मण्याराचे विष नसांवर काम करते आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. पापण्या खाली येणे हीच त्याची पहिली ओळख.

मी प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सुरू केल्या आणि नांदेडला भूलतज्ज्ञ असलेल्या माझ्या वर्गमित्राला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “मान उचलतो का?” दुसरा प्रश्न, “एका श्वासात कितीपर्यंत मोजतो?” मुलगा मान उचलत नव्हता आणि आकडे सात-आठवर थांबत होते. ऑक्सिमीटर तेव्हा रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के, म्हणजे ठीक, दाखवत होता. मित्र म्हणाला, “त्या आकड्याकडे बघू नकोस, तो पडेपर्यंत तुझ्या हातात काही राहणार नाही. तिथेच नळी टाक, अँब्यू बॅग धर आणि निघ.” स्नायूंची ताकद परत आणण्यासाठीचे निओस्टिग्मिन देऊन पाहावे का, असे मी विचारले. देऊन बघ, पण मण्यारात त्याचा फारसा भरवसा नाही, म्हणून त्यासाठी थांबू नकोस, असे त्याने बजावले. श्वासनलिकेत नळी टाकताना फोन स्पीकरवर होता. मी आणि माझा कंपाउंडर आळीपाळीने हाताने श्वास देणारी ती बॅग दाबत रुग्णवाहिकेतून गेलो आणि मित्र अतिदक्षता विभागाच्या दाराशी व्हेंटिलेटर तयार ठेवून उभा होता. काही दिवसांनी मुलगा चालत घरी गेला.

पुस्तकात हे सर्व आहे आणि मला ते माहीतही होते. तरी पहाटे, नातेवाइकांच्या गराड्यात, ९७ आकडा समोर दिसत असताना नळी टाकण्याचा निर्णय एकट्याने घेणे वेगळे. मित्राने मला ज्ञान दिले असे मी म्हणणार नाही. त्याने तो निर्णय माझ्याबरोबर घेतला. आमच्या बॅचमध्ये रात्री-अपरात्री आलेला वर्गमित्राचा फोन उचलायचाच, असा अलिखित नियम त्यानंतर रूढ झाला. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी वेगळा गट आहे, आणि तो मी आवाज बंद करून ठेवला आहे.

अस्थिरोगतज्ज्ञ, लातूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अंबाजोगाईला इंटर्न होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले असल्याने लोक दमून घरात झोपले होते, आणि घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती व वर धाब्याचे ओझे. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूरला त्या वेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

मदतीला गेलेल्यांपैकी मी एक होतो. आम्हाला कुठे जायचे हे नेमके सांगणारे कोणी नव्हते, म्हणून आम्ही आमच्या सीनियरांकडे गेलो. औसा, निलंगा, उमरगा या गावांत अंबाजोगाईचेच जुने विद्यार्थी दवाखाने चालवत होते. त्यांना त्या भागातले रस्ते, सरपंच, ट्रॅक्टरवाले माहीत होते आणि कोणत्या गावात अजून कोणीच पोचलेले नाही हेही त्यांनाच माहीत होते. बाहेरून आलेली मोठी पथके सुरुवातीला किल्लारीच्याच रस्त्यावर दाटली होती. आम्हाला एका सीनियरने सरळ सास्तूरच्या बाजूला पाठवले. पाऊस पडत होता. मांडीचे, कमरेचे, मणक्याचे मोडलेले लोक दारांच्या फळ्यांवर आणले जात होते. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय दबलेला रुग्ण बाहेर काढल्यावर बोलत असतो, पाणी मागतो, आणि नंतर चिरडलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन त्याची लघवी बंद होते, हे मी तिथे पाहिले. सीनियर प्रत्येकाला आधी सलाइन लावायला का सांगत होते, ते मला तेव्हा कळले. मी पुढे अस्थिरोग घेतला त्याला तो आठवडा कारण आहे.

माजी विद्यार्थ्यांची संघटना म्हटले की लोकांना व्यासपीठ, शाल, श्रीफळ आठवते. त्या आठवड्यात आमच्याकडे घटना नव्हती, अध्यक्ष नव्हता, आणि तरीही कोणाकडे प्लास्टर शिल्लक आहे, कोणाकडे धनुर्वाताची इंजेक्शने आहेत, कोणाचा पोर्टेबल एक्स-रे चालू आहे, हे सर्वांना ठाऊक होते. आता नोंदणी आहे, लेटरहेड आहे आणि सभासद-वर्गणीवरून वादही आहेत. वाद असायला माझी हरकत नाही, पण ती प्लास्टरची यादी अद्ययावत आहे का, असे मी दर सभेत विचारतो आणि दर सभेत हा विषय पुढच्या सभेवर जातो.

स्त्रीरोगतज्ज्ञ, सध्या शासकीय सेवेत

आयोजकांनी वेगळ्या मताला आमंत्रण दिले आहे म्हणून लिहिते. मी आमच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवाला गेले होते आणि पुन्हा जाण्याची इच्छा नाही. परिचयाच्या कार्यक्रमात प्रत्येकाने उठून आपल्या रुग्णालयातील खाटांची संख्या सांगितली. ग्रामीण रुग्णालयात दरमहा शेकडो बाळंतपणे पाहणाऱ्या माझ्यासारखीच्या वाट्याला “अजून सरकारीतच का?” एवढाच प्रश्न आला. छापलेल्या स्मरणिकेत दोघी वर्गमैत्रिणींची नावे त्यांच्या नवऱ्यांच्या नोंदीखाली होती, जणू त्यांनी स्वतंत्रपणे परीक्षा दिलीच नव्हती. त्यातली एक विवाहानंतर व्यवसाय सोडून घरी बसली होती. तिची बातमी वर्षानुवर्षे कोणी विचारली नव्हती, कारण तिच्याकडे रुग्ण पाठवता येत नव्हते. कामाचे साधन म्हणून संपर्क जपायचा म्हटले की ज्याच्याकडे काम नाही तो यादीतून गळतो, हे आयोजकांनी लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट खर्चाची. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्येच औषध कंपन्यांचा पाहुणचार डॉक्टरांना निषिद्ध ठरवला असताना जेवणाच्या मंडपात लागलेले फलक मला खटकले. आम्ही तिघी-चौघी आता आपापल्या खर्चाने वर्षातून एकदा एखादीच्या घरी जमतो. घरी बसलेल्या त्या मैत्रिणीने गेल्या वर्षी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण केले. पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात, त्यासाठीच्या व्याख्यानांना आम्ही तिच्याबरोबर बसलो. ती आता आमच्याच तालुक्यात आठवड्यातून दोन दिवस बाह्यरुग्ण पाहते.

एका दिवंगत डॉक्टरांची पत्नी, बीड जिल्हा

मी डॉक्टर नाही. माझे पती २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दवाखाना घराखालीच होता. पंधरवड्यानंतर बँकेचे पत्र आले, आणि मला कळले की दवाखाना बंद करणे हे सुरू करण्यापेक्षा अवघड काम आहे.

त्यांच्या बॅचमधल्या तिघांनी कामे वाटून घेतली. नर्सिंग होमची नोंदणी त्यांच्या नावावर होती, ती परत करायची होती. जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेचा करार थांबवायचा होता, नाहीतर बिल सुरूच राहते. सर्वांत कठीण सोनोग्राफी यंत्र. लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ते यंत्र कपाटासारखे विकता येत नाही. जिल्ह्यातील सक्षम प्राधिकाऱ्याला कळवावे लागते आणि नोंदणी असलेल्या केंद्रालाच द्यावे लागते. एक जवळचे नातेवाईक रोखीने घेणारा माणूस घेऊन आले होते. पतींच्या मित्राने फोनवर मला स्पष्ट सांगितले, “वहिनी, यंत्राला हात लावू देऊ नका, कुलूप घाला, मी येतोय.” ते आले, पंचनामा होईपर्यंत थांबले, आणि पुढे यंत्र रीतसर दुसऱ्या केंद्राकडे गेले.

बॅचने पैसेही गोळा केले होते. मी ते मुलीच्या शिक्षणापुरते घेतले. पण पैशांपेक्षा मला त्या कागदांचा आधार अधिक वाटला, कारण पैसे देणारे आणखीही होते आणि कागद कळणारे तेच होते. सर्व डॉक्टरांना माझी विनंती आहे की आपल्या नोंदण्यांची, कर्जांची आणि करारांची यादी घरात लिहून ठेवा आणि ती कोणत्या मित्राला दाखवायची तेही त्यावर लिहा.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, हिंगोली जिल्हा

मी सर्वांत अलीकडची आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चे प्रादेशिक सूत्र होते, म्हणजे मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत राज्य कोट्याच्या सत्तर टक्के जागा इथल्याच मुलांना मिळत. ते सूत्र रद्द झाल्यावर आमच्या पाठोपाठच्या वर्गांत कोल्हापूर, नाशिक, नागपूरकडची मुले पुष्कळ आली आणि इथली मुलेही तिकडे गेली. ते योग्य की अयोग्य हा वाद इथे नको. परिणाम एवढाच की इंटर्नशिप आणि बंधपत्राची, म्हणजे सक्तीची शासकीय, सेवा संपताच बरेच जण आपापल्या भागात परततात. वरच्या लेखांत प्रत्येकाला दर तालुक्यात एक वर्गमित्र सापडतो. माझ्या जिल्ह्यात माझ्या बॅचचे कोणीच नाही.

मला उपयोगी पडली ती सीनियरांची ओळख, आणि तीही योगायोगाने. केंद्रातील औषधनिर्मात्याने वसमतच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला, ते माझ्याच महाविद्यालयाचे निघाले. आता विषप्राशनाचा रुग्ण आला की त्यावरच्या औषधाची, म्हणजे अ‍ॅट्रोपिनची मात्रा वाढवताना मी त्यांना विचारते. बॅचनिहाय गट पुरेसे नाहीत. आम्हाला तालुकानिहाय यादी हवी आहे, ज्यात महाविद्यालय कोणतेही असो, रात्री फोन उचलणाऱ्याचे नाव, विषय आणि गाव एवढेच असेल. हिंगोली जिल्ह्याची यादी करण्याचे काम मी घेते. औंढा आणि सेनगाव तालुक्यांतील डॉक्टरांनी आपला विषय कळवावा.