गेटवर सह्या असताना सोपवणीचे साक्षीदार वेगळे कशासाठी?

कृष्णाकाठचा दस्तलेखक (सांगली)

सांगलीत गेली 22 वर्षे मी दस्त लिहिण्याचे काम करतो. खरेदीखते, बक्षीसपत्रे, गहाणखते यांतच दिवस जात असल्याने ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द जिथे येतात तिथे माझे लक्ष आपोआप थांबते. सध्या तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातील ‘गित्तीन’ हा भाग भाषांतरातून वाचत आहे. ज्यू धर्मशास्त्रात पतीने पत्नीला द्यावयाच्या सोडचिठ्ठीला ‘गेट’ म्हणतात. (फाटकाशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे घरी दोनदा समजावून सांगावे लागले.)

माझी अडचण 9व्या अध्यायात सुरू होते. तेथे रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) एलाझार म्हणतात की, गेटवर एकाही साक्षीदाराची सही नसली, परंतु पतीने ते पत्नीला साक्षीदारांसमक्ष दिले, तर ते वैध आहे. मी आजवर असे मानत आलो की साक्षीदाराची सही हाच दस्ताचा कणा आहे आणि कागद नंतर कोणी कोणाच्या हातात दिला याला फारसे महत्त्व नाही. मग या शास्त्रात सोपवणी पाहणारे दोघे सही करणाऱ्यांपेक्षा मोठे कसे ठरले? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

पाठशाळेशेजारी (वाई)

महोदय, आपली अडचण रास्त आहे, कारण मिश्नेतील (मिश्ना म्हणजे तालमूदचा मूळ संहितेचा भाग) गुरूंमध्येच यावर दोन पक्ष आहेत. रब्बी मेईर यांच्या मते संबंध तोडण्याचे काम सही करणारे साक्षीदार करतात, तर रब्बी एलाझार यांच्या मते ते सोपवणीचे साक्षीदार करतात. सह्यांची प्रथा केवळ लोकव्यवहार सुरळीत राहावा म्हणून घातली गेली, असे हा दुसरा पक्ष मानतो. सोपवणी पाहणारे दोघे उद्या मरतील किंवा दूरदेशी जातील. तेव्हा त्या स्त्रीच्या हातात काहीतरी पुरावा उरला पाहिजे.

याचे मूळ बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आहे. तेथे पतीने ‘विच्छेदपत्र’ लिहून तिच्या हाती द्यावे, असे म्हटले आहे. त्यामुळे ‘देणे’ हा लिहिण्याचा उपचार नसून स्वतंत्र कृती ठरते, आणि तालमूद तिची चिकित्सा अक्षरशः दोरा मोजून करतो. गेट तिच्या हातात आहे, पण त्याला बांधलेला दोरा पतीच्या हातात आहे, असे समजा. दोरा ओढून कागद परत घेता येत असेल, तर घटस्फोट झालेला नाही. येत नसेल, तर झाला. विच्छेद म्हणायचे आणि दोरा हाती ठेवायचा, हे शास्त्राला मान्य नाही. मला स्वतःला संपूर्ण ग्रंथातील हा सर्वांत नेमका दृष्टान्त वाटतो.

माहुली संगम (सातारा)

मी वकिली करतो, म्हणून वरील उत्तरात एक भेद जोडू इच्छितो. त्याशिवाय दस्तलेखक महोदयांचा गोंधळ पूर्णपणे सुटणार नाही. साक्षीदार दोन प्रकारचे असतात: एक, झालेली गोष्ट सिद्ध करणारे आणि दुसरे, ज्यांच्याशिवाय ती गोष्ट घडतच नाही असे. तालमूदच्या ‘किद्दुशीन’ या भागात म्हटले आहे की, पैशांच्या व्यवहारात साक्षीदारांची योजना केवळ खोटे बोलणाऱ्यांसाठी आहे. कर्ज घेणारा आणि देणारा दोघेही मान्य करत असतील, तर साक्षीदार नसले तरी कर्ज खरेच असते. विवाह आणि घटस्फोट यांचे तसे नाही. पती-पत्नी दोघेही ‘गेट दिले, गेट घेतले’ असे म्हणत असले, तरी दोन पात्र साक्षीदारांशिवाय काही घडलेले नसते. कारण त्यांच्या कबुलीचा परिणाम त्या दोघांपुरता राहत नाही; ती उद्या दुसऱ्याशी विवाह करू शकते की नाही, हे त्यावर ठरते.

हा भेद आपल्या टेबलावरही आहेच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार खरेदीखताला साक्षांकन आवश्यक नाही. आपण साक्षीदार घेतो ते बहुधा रिवाजाने आणि पुढच्या वादाच्या भीतीने. स्थावराच्या बक्षीसपत्राला मात्र कलम 123 प्रमाणे किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन नसेल, तर ते बक्षीसपत्रच नव्हे. गेट या दुसऱ्या रांगेत बसते, फक्त रब्बी एलाझार त्या दोघांना सहीच्या जागेवरून उठवून हस्तांतराच्या जागी उभे करतात.

पाठशाळेशेजारी (वाई)

भेद उत्तम मांडलात, मात्र सीमारेषा इतकी सरळ नाही. रब्बी एलाझार यांचा निर्णय ग्राह्य धरावा, असे तालमूदमधील ‘राव’ नावाचे गुरू म्हणतात, पण केवळ गेटपुरते. श्मुएल हे दुसरे गुरू म्हणतात की इतर दस्तांनाही तोच नियम लागू आहे. म्हणजे कर्जरोख्यातही सोपवणी पाहणाऱ्यांना वजन आहे, असे मानणारा एक पक्ष होता. प्रत्यक्ष व्यवहारात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात: गेटवर दोघे सह्या करतात आणि दोन साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर ते तिच्या हातात दिले जाते.

कृष्णाकाठचा दस्तलेखक (सांगली)

दोघांचाही आभारी आहे. बक्षीसपत्राच्या उदाहरणाने गाठ सुटली. दस्त लिहिणारा केवळ लिहिल्याने साक्षीदार होत नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच बजावलेले असते. तरीही साक्षीदाराच्या दोन जाती आहेत, असा विचार मी कधी केला नव्हता.

वाचताना आणखी एका ठिकाणी मात्र मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. पूर्वी पती परगावी आपले नाव बदलून गेटवर घालत असे, म्हणून ज्येष्ठ रब्बान गामलिएल यांनी नियम केला की, त्याचे व तिचे नाव लिहून ‘आणि त्याला असलेले प्रत्येक नाव’ हेही लिहावे. आमच्या दस्तांतील ‘उर्फ’ तो हाच! शिवाय गेटमध्ये गाव ओळखू यावे म्हणून ते कोणत्या नदीवर व कोणत्या झऱ्यांच्या पाण्यावर वसले आहे, तेही लिहितात. आम्ही चतुःसीमा लिहितो, ते नदी लिहितात. सांगलीसाठी ‘कृष्णा’ लिहून भागेल; पण शेजारचे हरिपूर कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर आहे. तेथील गेटात दोन्ही नद्या लिहाव्या लागतील की एक पुरेल, एवढे कोणी सांगू शकेल काय?